आत्मनिवेदन

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून ज्या चर्चा सुरू होतात, त्यांत गेली काही वर्षे औषधनिर्माणशास्त्राचे नाव वारंवार ऐकू येते. वैद्यकीयचा दरवाजा थोडक्यात हुकलेला असतो, अभियांत्रिकीचे आकर्षण ओसरलेले असते, आणि औषधांचे दुकान म्हणजे कधीही न आटणारी विहीर, असा पालकांचा पक्का समज असतो. महाराष्ट्रात या प्रवेशाची रीत सरळ आहे, किंबहुना कोरडी आहे. पदविकेला, म्हणजे डी. फार्म.ला, बारावीचे गुण पाहतात. पदवीला सीईटीचे अथवा नीटचे. संगणक आकडे उतरत्या क्रमाने मांडतो, आरक्षणाचे रकाने भरतो आणि महाविद्यालयाचे नाव समोर ठेवतो. तुला या व्यवसायात का यावयाचे आहे, हा प्रश्न प्रवेशाच्या दारात कोणी विचारीत नाही.

ज्यांना परदेशी जावयाचे असते त्यांना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज युकास नावाच्या एका मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात आणि त्यांत उमेदवाराने स्वतःविषयी एक निवेदन लिहावयाचे असते. वर्षानुवर्षे तो एक सलग निबंध असे. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न करण्यात आले आहेत: हा अभ्यासक्रम तुम्हांला का हवा आहे, आजवरच्या शिक्षणाने तुमची कोणती तयारी झाली आहे, आणि शाळेबाहेर तुम्ही काय केले आहे. तिन्ही उत्तरे मिळून, मोकळ्या जागा धरून, ४००० अक्षरांत बसवायची. अमेरिकेतही फार्म. डी.साठी अर्ज करणाऱ्यास असाच मजकूर लिहावा लागतो. आपल्याकडील मुले त्याला ‘स्टेटमेंट’ म्हणतात, आणि बँकेच्या स्टेटमेंटइतक्याच निर्विकारपणे ते कोठून तरी मिळवून जोडतात.

वाचकहो, ‘निवेदन’ हा शब्द आपणां ख्रिस्ती कुटुंबांना अपरिचित नाही. पापनिवेदनाच्या कक्षात आपण गुडघे टेकतो तेव्हा स्वतःविषयी जे बोलतो ते एका अशा माणसापुढे, ज्याच्या ओठांवर कायमची मोहोर आहे. आणि तेथे आपण आपले उणे तेवढे सांगतो. प्रवेशअर्जातील निवेदन याच्या नेमके उलट आहे. येथे ऐकणारा अनोळखी, त्याच्यावर मौनाचे बंधन नाही, आणि सांगायचे ते केवळ आपले अधिक. मराठी संतपरंपरेत तर आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतील नववी आणि अखेरची पायरी मानली आहे. तेथे माणूस स्वतःला देऊन टाकतो. अर्जातल्या आत्मनिवेदनात तो स्वतःला विकावयास काढतो, असे कोणी म्हणाले तर त्याचा आम्हांस राग येणार नाही. पण ते पुरते खरेही नाही. अनोळखी माणसाला आपण कोण आहोत हे प्रामाणिकपणे सांगणे शक्य आहे का, आणि शक्य असेल तर त्यात दुसऱ्याचा हात किती चालेल, हा प्रश्न या कागदाच्या निमित्ताने आपल्या दारी आला आहे, आणि तो केवळ परदेशगमनाचा नाही.

२००७ साली याच युकास संस्थेने सुमारे पन्नास हजार निवेदने संगणकाकरवी एकमेकांशी ताडून पाहिली. जे हाती आले ते वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याशी प्रयोग करताना आपला पायजमा जळून त्याला भोक पडले, आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली, अशी आठवण २३४ उमेदवारांनी सांगितली होती. थकलेल्या वा आजारी आजोबांचा दाखला देणारे १७५ होते. नमुन्यादाखल कोठेतरी छापलेल्या एका निवेदनातील पायजमा इतक्या मुलांनी अंगात घातला होता. त्या २३४ पैकी काहींचा पायजमा खरोखरच जळला असेल, असे आम्ही उदारपणे धरून चालू. पण आता त्या बिचाऱ्यांचाही कोणी विश्वास धरणार नाही, आणि ही हानी सर्वांत लबाड मुलांची झालेली नाही.

आपल्याकडे या कामाचे दुकानच निघाले आहे. छत्रपती संभाजीनगरात, पुण्यात, नाशकात परदेशी प्रवेशाचा सल्ला देणारे पैसे घेऊन निवेदन लिहून देतात. अलीकडे तर पैसेही नकोत. कृत्रिम बुद्धिमत्तेला चार शब्द सांगितले की सफाईदार इंग्रजीतला मजकूर क्षणार्धात समोर येतो. सगळा अथवा बराचसा मजकूर अशा यंत्राकडून घेऊन स्वतःचा म्हणून दिल्यास ती फसवणूक ठरू शकते, असे युकासने स्पष्ट बजावले आहे. पालकांना मात्र यात काही वावगे दिसत नाही. त्यांचे म्हणणे आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. मुलीची माहिती सगळी खरी आहे, गुण खरे, प्रमाणपत्रे खरी. केवळ भाषा दुसऱ्याची. आम्ही रोजची प्रार्थना तरी कोठे स्वतःच्या शब्दांत करतो? शेकडो वर्षांपूर्वी कोणी रचलेले शब्द म्हणतो. मग ती प्रार्थना खोटी होते काय?

आक्षेप चांगला आहे. पण प्रार्थनेचे शब्द माझे आहेत असा दावा मी करीत नाही. देवळातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते आणि देवाला तर असतेच. उसन्या शब्दांत शिरून मी तेथे माझे मन ठेवतो. निवेदन मागणारा मात्र शब्दांमागचे मन पाहू इच्छितो, आणि त्यासाठीच तो शब्द मागतो. माहिती त्याला गुणपत्रिकेतून मिळालेलीच असते. तेव्हा येथे भाषा दुसऱ्याची असणे म्हणजे जे मागितले तेच न देणे. पूर्वी गावोगावच्या पोस्टात निरक्षर आयांची पत्रे मास्तर लिहून देत. अक्षर मास्तरांचे, कित्येकदा वाक्येही मास्तरांची, तरी ते पत्र त्या आईचेच असे. त्याचे कारण साधे आहे. मास्तर आधी विचारीत, ‘‘काय लिहू?’’ सल्लागार हे विचारीत नाही. त्याच्याजवळ ते तयार असते. ज्या शिक्षकाने वा धर्मभगिनीने मुलीला हा प्रश्न विचारून तिचे अडखळते इंग्रजी नीट केले, तिने कोणतेही पाप केलेले नाही, असे आम्ही निःशंकपणे म्हणू.

कोणी म्हणेल, एका कागदासाठी एवढा खल कशाला? हा उमेदवार वकील वा अभिनेता व्हावयास निघाला असता तर आम्हीही कदाचित हा विषय दोन ओळींत संपवला असता. तो औषधनिर्माता होणार आहे म्हणून थांबावेसे वाटते. औषधाच्या व्यवसायात बाटलीवर लिहिलेले आणि बाटलीत असलेले एकच असावे, यावर सारी इमारत उभी आहे. कारण घेणाऱ्याला आत डोकावता येत नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य होते. दोन्ही द्रव्ये पारदर्शक, दाट आणि गोडसर. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. एक औषध म्हणून देतात, दुसरे मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली, तेव्हा अनेक टेबलांवरून पुढे सरकलेल्या कागदांचा आणि न तपासताच मारलेल्या शिक्क्यांचा इतिहास उघड झाला. तेच द्रव्य १९३७ साली अमेरिकेत शंभरांहून अधिक लोकांच्या मृत्यूस कारण झाले होते, आणि २०२२ साली गांबियात व २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून लहान मुलांच्या पोटात गेले. १९४० चा औषधविषयक कायदा अशा औषधाबरोबरच, ज्याच्या वेष्टनावर खोटा वा दिशाभूल करणारा दावा आहे अशा औषधालाही दोषी ठरवितो. आतील द्रव्य निरुपद्रवी असले तरी.

उसन्या निवेदनाने कोणी मरत नाही, हे आम्ही जाणतो. दोन्हींना एका तराजूत घालण्याचा आमचा विचार नाही. परंतु या व्यवसायातील आणखी एक रोग आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे आणि तो निवेदनाच्या फार जवळचा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र लटकत असते आणि ज्याच्या नावाचे ते असते तो गृहस्थ दुसऱ्याच कोठल्या नोकरीत असतो; महिन्याकाठी प्रमाणपत्राचे भाडे तेवढे घेतो. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर कडक तपासणी आरंभिली तेव्हा किती गदारोळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. भिंतीवर नाव आहे, माणूस नाही. उसन्या निवेदनातही दुसरे काय असते? खाली नाव आहे, माणूस नाही. सतराव्या वर्षी एकाची सवय झाली की पंचविसाव्या वर्षी दुसऱ्याची लाज वाटत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता दुसरी अडचण. आपल्या मुलांना स्वतःविषयी चांगले बोलताच येत नाही, आणि हे आपलेच संस्कार आहेत. ‘आपली टिमकी आपणच वाजवू नये’ हे ऐकत ती वाढलेली असतात. देवळात पहिल्या बाकावर बसावयासही ती संकोचतात. अशा मुलाला ‘तुझे गुण सांग’ म्हटले की तो एकतर गप्प बसतो नाहीतर सल्लागाराच्या ढोलाला शरण जातो. याविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात केलेला विचार आजही उपयोगी पडेल. सत्यनिष्ठेचे विवेचन करताना त्यांनी ती एका फार साध्या गोष्टीत पाहिली: माणसाने बोलण्यात आणि वागण्यात जसा आहे तसे दिसणे. मग तिच्याविरुद्ध जाणारे दोष त्यांनी दोन्ही बाजूंनी दाखविले. एक बढाई, हे आपण जाणतोच. पण दुसरा दोष म्हणजे आपल्यात खरोखर आहे ते नाकारणे, स्वतःला असत्यपूर्वक उणे करणे. मोठी गोष्ट न सांगता लहान खरी गोष्ट सांगितली तर त्यात त्यांना दोष दिसत नाही. असलेले नाही म्हणणे मात्र दोषास्पद. आपण नम्रतेच्या नावाखाली मुलांना कित्येकदा हे दुसरेच शिकवितो. आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीची मनाई आहे, ती आपण शेजाऱ्यापुरती समजून चालतो. स्वतःविरुद्ध दिलेली खोटी साक्षही साक्षच असते.

आणि ही मागणी तरी न्याय्य आहे का, हेही विचारले पाहिजे. ज्या घरात जेवताना इंग्रजीत गप्पा होतात, ज्याच्या काकांनी असे चार अर्ज पाहिले आहेत, त्या मुलाला ४००० अक्षरे हा खेळ आहे. आपली केंद्रीय प्रवेशपद्धती आंधळी आहे खरी, पण त्या आंधळेपणात एक दया आहे. गंगापूर तालुक्यातल्या मुलीला ती तिच्या उच्चारावरून ओळखीत नाही. निवेदनाची पद्धती डोळस आहे, आणि डोळसाला चेहरा दिसतो तसा कपडाही दिसतो. आम्हांला विचाराल तर प्रवेशासाठी गुणच बरे. पण चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कधीतरी, कोठेतरी, गुणांशी संबंध न ठेवता, हा ‘का’ विचारला जावा असे मात्र वाटते.

हे सारे आम्ही लिहावयास घेतले ते एका मसुद्यामुळे. लासूर स्टेशन हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर लोहमार्गावरचे, नावातच स्टेशन असलेले गाव. कांद्याच्या आणि कापसाच्या बाजारावर जगणारे. तेथील एका मुलीने डी. फार्म. पूर्ण केले आहे. तिची मावशी परिचारिका म्हणून इंग्लंडात आहे आणि भाचीने तिकडे येऊन औषधशास्त्राची पदवी घ्यावी असा तिचा आग्रह आहे. मुलीने निवेदनाचा मसुदा दाखवावयास आणला. पहिला परिच्छेद सल्लागाराचा असावा, कारण त्यात मानवी शरीराच्या गूढाविषयी बालपणापासून वाटणारे आकर्षण होते. दुसरा परिच्छेद तिचा स्वतःचा होता, तुटक इंग्रजीत, आणि तो वाचताना आम्ही थबकलो. तिच्या आजीला क्षयरोग झाला होता. त्या काळात शासनाच्या क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा स्वतंत्र खोका आरोग्य केंद्रात ठेवीत. आपले नाव खोक्यावर कोणी वाचू नये म्हणून आजी जवळचे केंद्र सोडून दूरच्या गावी औषध घ्यावयास जात असे. गावात आजतागायत कोणाला हे ठाऊक नाही.

लेखन म्हणून तो परिच्छेद मसुद्यातील सर्वांत चांगला होता. सल्लागाराने त्याच्याभोवती लाल खूण करून ‘आणखी वाढवा’ असे लिहिले होते. दुःख चालते, हे त्याला पक्के ठाऊक. आम्ही मुलीला एवढेच विचारले की आजीची परवानगी घेतली आहे का. ती गोंधळली. हा प्रश्न तिच्या मनात आला नव्हता आणि त्यात नवल नाही. घरातल्या माणसाचे दुखणे आपल्याला आपलेच वाटते. पण रुग्णाचे गुपित राखणे हे तिच्या होऊ घातलेल्या व्यवसायाचे एक मुख्य कर्तव्य आहे. कोणी बाई खालच्या आवाजात काय मागते ते दुकानाबाहेर जाऊ नये, यासाठी ती उद्या काउंटरमागे उभी राहणार. मग तिच्या आयुष्यातील पहिले रुग्णाचे गुपित ती प्रवेशासाठी खर्च करणार की काय? गोष्ट खरी होती, तिने ती स्वतः लिहिली होती, आणि तरीही ती तिची नव्हती. उसने शब्द हा एक प्रकार झाला. खरे पण दुसऱ्याच्या मालकीचे दुःख हा दुसरा, आणि तो ओळखू यावयास अधिक कठीण.

मग आम्ही तिला मास्तरांचा तो जुना प्रश्न विचारला. शाळेबाहेर तू काय केलेस? ‘‘काही नाही,’’ ती म्हणाली, ‘‘नुसती ट्रेनिंग.’’ पदविकेसाठी पाचशे तासांचे जे प्रशिक्षण असते ते तिने एका औषधाच्या दुकानात केले होते. बोलता बोलता ती सांगू लागली. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसे रिकामी पट्टी पुढे धरून ‘ही द्या’ म्हणतात. दहा गोळ्या लिहून दिलेल्या असतात, पण पैसे दोन गोळ्यांचे असतात. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. औषधाचे नाव, उत्पादनाचा क्रमांक आणि वापराची मुदत पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात उरते, आणि गिऱ्हाईक बिननावाचे औषध घेऊन घरी जाते. चार दिवसांनी ते परत आले की हे कोणते औषध होते ते त्याला सांगता येत नाही. ही मुलगी मग कापलेला तुकडा कागदी पाकिटात घालून पाकिटावर नाव, मुदत आणि केव्हा घ्यायचे ते मराठीत लिहून देऊ लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढी. दुकानदाराला ते वेळखाऊ वाटे. तिने तरी ते थांबवले नाही.

हे मसुद्यात का नाही, असे विचारता ती म्हणाली, ‘‘यात काय सांगण्यासारखं आहे? कोणीही करील.’’ कोणी करीत नव्हते. तेही तिनेच, पुढच्याच वाक्यात, सहज सांगून टाकले.

त्या आठवड्यात तिने आजीला विचारले. आजी म्हणाली, ‘‘गावाला माहीत न्हाई ते तिकडच्या लोकायला कशाला सांगतीस?’’ परिच्छेद काढावा लागला. मावशीला वाईट वाटले. सल्लागाराने, अर्ज आता फिका झाला, असे कळविले, आणि तो चुकीचे सांगत असेल असेही आम्ही म्हणणार नाही. मानवी शरीराच्या गूढ आकर्षणाचा परिच्छेद मुलीने स्वतःहून खोडला. त्या जागी कापलेल्या पट्टीविषयी अकरा ओळी आल्या आहेत. इंग्रजी आम्ही दोन ठिकाणी नीट केले. अद्याप बरीच अक्षरे शिल्लक आहेत, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर, औषधशास्त्रच का, ती पुढच्या रविवारी मिस्सानंतर घेऊन येणार आहे.